साहेबांच्या टेबलावरचा संगणक

वणीला फौजदार होतो तेव्हाची ही घटना. इतकी वर्षं झाली, पण ती आजही जशीच्या तशी आठवते. कापसाचे दिवस वाईट होते. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची लांब रांग आणि रांगेत तापलेली डोकी, हाच आमचा रोजचा बंदोबस्त.

एके दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. केंद्रातली संगणकावर बसणारी बाई मापाच्या नोंदी मुद्दाम उडवते, अशी खबर होती. चौकशीत दुपारच्या काही गाड्यांच्या नोंदी खरोखरच गायब निघाल्या. गाडीवाल्यांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागत होतं. जेवणाच्या सुट्टीत नोंदी करायला एकटी तीच असायची. संशयाला एवढं पुरेसं होतं आणि वरून अटकेचा तगादा सुरू झाला.

बाई वणीतल्याच एका मेकॅनिकची मुलगी. महिला शिपायासमोर जबाब घेतला. उलटसुलट विचारलं, तरी ती डगमगली नाही.

"सायब, मले आत टाकाचं असन तं टाका," ती म्हणाली. "पन आधी एक दुपार आमच्या हापिसात बसून पाहा. नोकरी गेली तं गेली, चोर म्हनून नाई जाची मी."

खोटं बोलणारा माणूस पोलिसाला आपल्या कामाच्या जागी सहसा बोलवत नाही. अटक थांबवली आणि दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत तिच्या कार्यालयात जाऊन बसलो.

जेवणाची वेळ झाली. केंद्राचे साहेब काटकसरी, शिस्तीचे गृहस्थ. उठताना त्यांनी दिवा घालवला, पंखा घालवला आणि टेबलावरचा संगणकही बंद केला. त्याच क्षणी पलीकडून बाई ओरडली, "पाहा सायब, अटकलं!" तिच्या संगणकावरची नोंद अर्ध्यातच थांबली होती.

संगणक बसवणारा तंत्रज्ञ नागपूरहून बोलावला, तेव्हा उलगडा झाला. सगळे संगणक तारांनी जोडलेले होते आणि सगळ्यांच्या नोंदी साठत होत्या एकाच यंत्रात. ते मध्येच बंद पडलं की शेवटच्या नोंदी उडायच्या. यंत्र नवं आणि सगळ्यांत चांगलं, म्हणून आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ते साहेबांच्या टेबलावर गेलं होतं! चालू नि बंद करण्यापलीकडे साहेबांनी त्याला कधी हात लावला नव्हता.

साहेब मात्र मनाचे मोठे निघाले. स्वतः गाडीवाल्यांसमोर जाऊन म्हणाले, "बाईची काई चूक नाई. मीच बंद करून राह्यलो होतो." त्यांचेही आभारच मानतो.

तेव्हापासून कोणत्याही तपासात मी आधी त्या जागेचा एक साधा दिवस पाहून घेत असे. नोकरीत बक्षिसं मिळाली, पण मी खरा ऋणी आहे तो त्या बाईचा. तिनं ती एक दुपार मागितली नसती, तर मी एका निरपराध बाईला कोठडीत घातलं असतं आणि आज हीच गोष्ट माझ्या यशाची म्हणून तुम्हाला सांगत बसलो असतो.