गुड्डीनं मला उठवलं होतं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडले तेव्हासुद्धा एवढं गाळून बाकीचं सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल.

गोष्ट एका कुत्रीची आहे. हसू नका.

गुड्डी आमच्याकडे आली तेव्हा माझी मिनू चौथीत होती. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत वर्ध्यात ज्याच्या त्याच्या घरी पामेरियन दिसायचं. माझ्या भावानं नागपूरहून ही पिशवीत घालून आणली — पांढरी, गुबगुबीत, ओंजळीत मावेल एवढी. सिंदी मेघेतल्या आमच्या घरात तेव्हा चारच माणसं. मी, हे, मिनू आणि माझे सासरे. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान त्यांनीच उभं केलेलं. सकाळी ते दुकानात बसायचे आणि दुपारी घरी येऊन आडवे व्हायचे.

गुड्डीचं सगळं करणं माझ्याकडे आलं. रोज केस विंचरायचे, कानामागचा गुंता सोडवायचा, गोचीड काढायचे. एप्रिल लागला की पोटाखालचे केस कापायचे आणि ओलं पोतं अंथरून द्यायचं, कारण आमच्याकडचा उन्हाळा असल्या केसाळ जिवासाठी नाहीच. हे करता करता मी तिच्याकडे बघत राहायची. केवढं डोकं होतं त्या एवढ्याशा कवटीत! कूलरमधलं पाणी संपत आलं की पंपाचा आवाज बदलतो. आम्हाला कळायचं नाही, तिला कळायचं. उठून बादलीपाशी जाऊन बसायची. मी रोजची साडी नेसले तर भाजीला चालले हे ओळखून फाटकापर्यंत सोडायला यायची. जरीची नेसले की लग्न, म्हणजे उशीर — मग माझ्याकडे पाठ करून बसायची. तिला हे शिकवलं कोणी? मी तर नाही.

पण मी हे काय सांगत बसले? मुद्द्यावर यायला हवं. येतेच आहे.

मामाजींना साखरेचा त्रास होता. माणूस मोठा शिस्तीचा. गोळी कधी चुकवायची नाही, आणि चतुर्थीचा उपासही कधी मोडायचा नाही. संकष्टीला चंद्र निघेपर्यंत पोटात काही नाही, आणि साखर उतरवणारी गोळी मात्र सकाळी वेळेवर! डॉक्टरांनी बजावलं होतं. मामाजी मान हलवून यायचे आणि पुन्हा तेच करायचे. माझ्याशी ते फारसं बोलत नसत. लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली तरी मी त्यांच्यासाठी नागपूरवालीच होते. माझ्या हातचा चहा रोज पीत, पण चांगला झाला असं एकदाही म्हणाले नाहीत.

अशाच एका चतुर्थीला, दुपारी चारच्या सुमारास, मी टीव्हीवर मालिका बघत होते. कूलर घुमत होता. गुड्डी आली आणि माझा पदर ओढायला लागली. मी झटकलं. ती भुंकली. मामाजींच्या खोलीपर्यंत पळत गेली, परत आली, पुन्हा पदर धरला. मी काय केलं? उचलली आणि बाथरूममध्ये कोंडली. ती आतून दार खरवडत राहिली, आणि मी — मी टीव्हीचा आवाज वाढवला.

मालिका संपल्यावर तिला दोन फटके द्यावेत म्हणून मी दार उघडलं. ती माझ्या पायांमधून निसटली ती थेट मामाजींच्या खाटेपाशी. मागोमाग मी. मामाजी घामानं निथळत होते, डोळे अर्धवट मिटलेले, जीभ जड झालेली. मी धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं, चमच्याचमच्यानं ओठांना लावलं. हळूहळू ते माणसांत आले. गुड्डी तोवर एकदम गप्प. खाटेखाली पाय पसरून पडली होती, काम संपल्यासारखी. हिला कळलं कसं? घामाच्या वासावरून? श्वासावरून? मला आजही माहीत नाही.

सावंगीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. घरी आल्यावर ह्यांनी मला विचारलं, "तुले कसं समजलं?"

मी म्हणाले, "सकाळपासून त्यायचा चेहरा बरा नोता वाटत. म्हटलं, एकदा पाहून यावं."

एवढंच. मालिका, कोंडलेली गुड्डी, दार खरवडणं — सगळं त्या एका वाक्याखाली दडपलं. संध्याकाळी मामाजी आल्यागेल्याला सांगायला लागले, "हे सून नाई, माही पोरगी हाये." दहा वर्षं मी ज्या शब्दाची वाट पाहिली तो मिळाला होता. तो माझा नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी घेतला. आणि सांगू? फार गोड लागला.

पुढे तर आमची दोघींची जोडीच जमली. मामाजींची साखर उतरली की गुड्डी यायची, पदर ओढायची, आणि मी साखरेची वाटी घेऊन हजर. पाच-सहा वेळा असं झालं. ती एकदाही चुकली नाही. मी तिच्याकडे भक्तिभावानं बघायची, त्याला दुसरा शब्द नाही. आणि लोक माझ्याकडे तसे बघायचे. हिला म्हणे नुसत्या चेहऱ्यावरून कळतं! लग्नाकार्यात बायका मला मुद्दाम भेटायला यायच्या.

मग तिचं भुंकणं बदललं. मामाजींच्या खाटेसमोर बसून, मान वर करून ती गळा काढायला लागली. आणि मामाजी घाबरले. कुत्रं ज्याच्याकडे बघून रडतं त्याचं काही खरं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. त्यात तिचं रडणं आणि त्यांची घेरी नेमकी एकाच वेळी. त्यांनी अर्थ लावला तो उलटा — कुत्री रडते म्हणून आपल्याला घेरी येते. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "हे माह्या तोंडाकडे पाहून रडते. माहं मरण बोलावून राह्यली. इले घरात नका ठेवू."

मिनू रडायला लागली. हे माझ्याकडे पाहू लागले. किती वाक्यं लागली असती मला? एक. मामाजी, ती मरण बोलावत नाही, हाकलते आहे. ओठांपर्यंत आलंही होतं. पण ते बोलले असते तर पहिल्या दिवसाचंही सांगावं लागलं असतं, आणि मग मी पुन्हा नागपूरवाली. मी मामाजींच्या ताटात भाजी वाढली.

नालवाडीला दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, त्यांच्या घराला मोठं आवार होतं. दुसऱ्या दिवशी हे तिला तिकडे सोडायला निघाले. जाण्याआधी ती मामाजींच्या खोलीत गेली. ते झोपले होते, हात खाटेबाहेर लोंबत होता. तिनं तो हात नीट हुंगला, जरा थांबली, आणि शांतपणे येऊन स्कूटरवर ह्यांच्या पायांमध्ये उभी राहिली. त्या दिवशी त्यांना काहीच झालेलं नव्हतं. ज्यांनी तिला घालवलं ते ठीक आहेत याची खात्री करून मग ती गेली. एवढं मोठेपण कुठून आलं असेल हो त्या जिवात?

नालवाडी काही लांब नाही. मी एकदाही गेले नाही.

मामाजी पुढच्या उन्हाळ्यात गेले. चतुर्थीच होती. त्या दुपारी मी दोनदा त्यांच्या खोलीत डोकावले, दोन्ही वेळा वाटलं की झोपलेत. चेहऱ्यावर मला काहीही दिसलं नाही. कधीच दिसलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर त्यांची झोप मोडू नये म्हणून मी दार अलगद ओढून घेतलं. पाच वाजता उठवायला गेले तेव्हा सगळं संपलं होतं.

तेरवीला माणसं म्हणाली, सुनेनं इतकं जपलं, पण वेळ आल्यावर कोण काय करणार. मी पुढच्या पानावर वाढायला वळले.

आता घरात नको म्हणणारं कोणी नव्हतं. मिनूनं हट्ट धरला आणि हे गुड्डीला परत घेऊन आले. वाळली होती, केसांत गुंता झाला होता. तिनं मला ओळखू नये, असं मला मनातून वाटत होतं. ती आधी माझ्याकडे आलीच नाही. मामाजींच्या खोलीत गेली. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. तिनं खाटेचे पाय हुंगले, फरशी हुंगली, चारही कोपरे हुंगले. मग धावत स्वयंपाकघरात आली आणि माझा पदर ओढायला लागली. त्या खोलीकडे. पूर्वीसारखीच.

मिनू दारात उभी होती. तिनं विचारलं, "आई, हे तुले काऊन ओढून राह्यली?"

मी म्हणाले, "काही नाई गं. भूक लागली असन तिले."