माझी पाण्याची बाटली

अमरावतीच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी मला वऱ्हाडाची माहिती पुरवली. त्यांतल्या बहुतेकांनी नागपूरला जाताना गाडीतून बडनेरा स्टेशन पाहिलं होतं, तेवढंच. तिकडचे लोक तोंडावर बोलतात, न विचारता ताटात वाढतात, पगार पाहुण्यांवर उडवतात. मी मान डोलावली. मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत उत्तर सुचेपर्यंत विषय बदललेला असतो.

पहिल्याच आठवड्यात कँटीनच्या चहाचे माझ्या वाटणीचे दहा रुपये मी एका सहकारी मॅडमना फोनवरून पाठवले. त्या फोन उंच धरूनच स्टाफरूममध्ये आल्या. "बाप्पा! दहा रुपये? मॅडम, व्याज काहून नाही लावलं?" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच मॅडमनी मला खोली शोधून दिली, शेगडी आणून दिली. दिवाळीपर्यंत मी त्यांना ताई म्हणू लागले होते. त्या गावात माझं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं.

एका रविवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा द्यायला आम्ही दोघी अकोल्याला विभागप्रमुखांच्या घरी गेलो. तिथे चहा-चिवडा झाला. मग ताई म्हणाली, "चल, माझ्या आईकडे जाऊ. जवळच आहे."

काकू निवृत्त नर्स. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, शेजारी ताईचा पदवीदानाचा फोटो. काकूंनी ट्रेमधून पाणी आणलं. मी सवयीने "नको" म्हटलं आणि पर्समधली माझी बाटली काढून दोन घोट घेतले.

"हात धू, पातोडीची भाजी केली हाय."

"नको काकू, खरंच. आत्ताच सरांकडे चहा-चिवडा झालाय."

आमच्या घरी हे असंच चालतं. पाहुण्याने आधी नको म्हणायचं, यजमानाने पुन्हा विचारायचं, मग थोडंसं घ्यायचं. मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत बसले. काकूंनी ट्रे उचलला आणि त्या आत गेल्या. ताई मोबाईल बघू लागली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आणि काय चुकलं ते मला कळत नव्हतं.

काकू परत आल्या त्या माझ्या पुढ्यातच बसल्या.

"पोरी, एक सांग. सरांच्या घरी खाल्लं म्हणते. इथं पाणीबी तुह्या बाटलीतलं. आमच्या घरचं चालत नाही काय तुले?"

नोकरीच्या गावांमध्ये काकूंनी पुढे केलेला पेला किती जणांनी बाजूला सारला असेल, ते एका क्षणात माझ्यापुढे आलं. मी त्यांच्यातच जाऊन बसले होते, फार सभ्यपणे.

"नाही काकू, तसं नाही. आमच्याकडे आधी नको म्हणतात. मला वाटलं, तुम्ही पुन्हा विचाराल."

काकूंनी सरळ विचारलं, "मंग भूक हाय का नाही?"

"आहे."

"तर तसं सांग ना वं! तीस वर्षं नर्स होती मी, तरी पोटातलं असं वरून नाही समजत."

ताई पहिल्यांदा हसली. "आई, पुण्याची आहे ती. तिला दोनदा विचारावं लागते."

"इथं कोणी एकदाबी नाही इचारत," म्हणून काकूंनी ताट वाढलं. मी आधी त्यांच्या पेल्यातलं पाणी प्यायले. भाजी इतकी तिखट होती की नाक वाहू लागलं, तरी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी त्यांनी वाढलीच.

माझी एक आत्या कित्येक वर्षं आमच्याकडे आलेली नाही. कशाने दुखावली, ते आजवर कुणी तिला विचारलेलं नाही. सगळे तिच्याबद्दल अतिशय नीट बोलतात. काकूंनी तर पाच मिनिटंसुद्धा मनात ठेवलं नाही. याला माझे नातेवाईक तोंडावर बोलणं म्हणतात.

परतीच्या बसने मूर्तिजापूर सोडलं. तेव्हा ताई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आईच्या जागी मी असती तर नसतं विचारलं. बोलणं कमी केलं असतं, बस. तुला कळलंही नसतं."

"माहीत आहे," मी म्हटलं, "मीही तेच केलं असतं."