पाचव्या फोटोखालची पट्टी

"प्रूफ पास झालंय" हे शब्द ऐकले की आजही माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी माजिवड्याच्या एका ऑफिसात वेब पानं बनवायचे. मालक मूळचे छापखान्यातले. हयात लग्नपत्रिका छापण्यात गेलेली. मग कोणीतरी कानात सांगितलं की आता इंटरनेटचा जमाना आलाय, म्हणून यंत्रं विकून कॉम्प्युटर आणले. कागद गेला, पण खोड गेली नाही. पान तयार झालं की त्याची रंगीत प्रिंट, म्हणजे त्यांचं प्रूफ, काढायची, गिऱ्हाइकाची त्यावर सही घ्यायची आणि सही झाली की विषय संपला. मी घसा फोडून सांगायचे, "सर, हा कागद नाहीये. प्रत्येकाच्या घरी ते वेगळं दिसणार." ते हसायचे. "अगं, पत्रिका काय कल्याणला वेगळी आणि टिटवाळ्याला वेगळी दिसते का?"

दिसत होतं ना वेगळं! त्यांच्या टेबलावर सतरा इंची मॉनिटर, रुंदीत १०२४ ठिपके मावणारा. लोकांच्या घरी चौदा इंची डबडी, ८०० ची, पुष्कळदा ६४० चीच. वर दोन कंपन्यांचे दोन ब्राउझर, एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. एकात नीट बसलेला मजकूर दुसऱ्यात ढकलला जायचा. मी प्रत्येक पान दोन्हींत उघडून, स्क्रीन लहान-मोठी करून तपासायचे आणि "हिला दुसरी कामं नाहीत" हे वर ऐकून घ्यायचे.

त्यातच डोंबिवलीच्या एका वधूवर सूचक मंडळाचं काम आलं. पानाच्या माथ्यावर गणपती, त्याखाली ओळीने पाच मुलींचे फोटो आणि प्रत्येकीखाली तिची माहिती. नावं उघड करायची नाहीत असा मंडळाचा नियम, म्हणून फक्त नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि आधी एखादं लग्न झालं होतं की नाही, एवढंच. मराठी फॉन्ट सगळ्यांकडे नसायचे, तेव्हा हा मजकूरही चित्रांच्या छोट्या पट्ट्या करून टाकावा लागे. पाचवा फोटो माझ्या ताईचा होता. तिने मंडळात नाव नोंदवलं होतं आणि कल्याणच्या एका स्थळाशी बोलणी अगदी ठरत आली होती. बाबा कधी नव्हे ते घरात गुणगुणत फिरत होते.

मी ते पान चौकटी आखून बांधलं होतं. फोटो आणि त्याची पट्टी एकाच चौकटीत, म्हणजे स्क्रीन केवढीही असो, दोघांची ताटातूट होणार नाही. पण तेव्हाच्या फोन लाइनवर सगळे फोटो उतरेपर्यंत चौकटी दिसायच्याच नाहीत, पान पांढरंफटक. सरांना तेवढा दम निघेना. "काढ त्या चौकटी. वरच्या ओळीत फोटो, खालच्या ओळीत पट्ट्या, मध्ये मोकळी जागा सोड. आम्ही छपाईला अक्षरांचे खिळे जुळवायचो तसं." मी साफ नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं, प्रिंट काढली आणि मंडळाच्या चिटणिसांनी सही ठोकली.

आठवड्याभरात कल्याणहून निरोप आला. मुलाच्या आईने मध्यस्थाकडून सांगून पाठवलं होतं, "मुलीचं आधी एक लग्न मोडलंय, हे लपवायला नको होतं."

बाबा खुर्चीत बसले ते उठेचनात. मी मध्यस्थाला खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मुलाकडच्यांनी ते पान विठ्ठलवाडीला मुलाच्या मामाकडे पाहिलं होतं. मग मला सगळं समजलं. त्यांच्या ६४० च्या स्क्रीनवर ओळीत चारच फोटो मावले असणार. पाचवा, ताईचा, घसरून खाली डाव्या कडेला आला. त्याच्याखाली पट्ट्यांची ओळ आणि तिच्या सुरुवातीला पहिल्या बाईंची पट्टी. त्याही ताईसारख्या बी. कॉम., त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. आणि मंडळाच्या हट्टापायी त्या पट्टीवर ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं: घटस्फोटित.

मी ऑफिसात जाऊन अक्षरशः किंचाळले. सरांनी शांतपणे खण उघडला, सहीची प्रिंट माझ्या हातात दिली. "हे दाखव त्यांना. आपल्याकडे बरोबर आहे. प्रूफ पास झालंय." तो कागद मी त्यांच्या देखत फाडला. एवढं करूनही माझं समाधान झालं नाही.

संध्याकाळी ताईला घेऊन विठ्ठलवाडी गाठली. ताईनेच यायचा हट्ट धरला होता. मामा होते, मुलाची आई होती. मी त्यांच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ६४० चं ८०० केलं आणि पान पुन्हा उघडलं. ताईचा फोटो वर जाऊन ओळीत बसला, त्याखाली तिची स्वतःची पट्टी, अविवाहित. पहिल्या फोटोवर बोट टेकवून मी म्हणाले, "बघा! घटस्फोटित ही आहे. माझी बहीण नाही."

मुलाच्या आईने फोटो निरखून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "हे तर तू आत्ता इथे बसून बदललंस. तूच बनवतेस ना ही पानं? मग तुला काय कठीण आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई उठली. "चल," एवढंच म्हणाली.

जिना उतरताना मी सगळ्यांचा उद्धार करत होते. सरांचा, त्या चिटणिसांचा, मुलाच्या आईचा, दोन्ही ब्राउझरवाल्यांचा. ताई खालच्या पायरीवर थांबली.

"तू बोट दाखवलंस ना, तेव्हा ते त्या बाईंच्या फोटोकडे कसे बघत होते, पाहिलंस?" ती म्हणाली. "मला तो शब्द चुकून चिकटला तर आपले बाबा जेवले नाहीत. तिच्या घरी रोज काय चालत असेल गं?"