सौंदडची बोट ट्रेन

तुम्ही रेल्वेगाडीतून उतरता आणि डोळ्यांदेखत तुमची बस सुटते, तेव्हा तुम्ही दोष कोणाला देता? नशिबाला? मीही तेच करायचो, इंग्लंडच्या रेल्वेचा इतिहास हाती येईपर्यंत.

मी भाषांतरकार आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीच्या माहितीपटांचं मराठी निवेदन लिहितो. त्या वेळी विषय होता इंग्लंडमधल्या लोकल रेल्वे आणि बोट ट्रेन. बोट ट्रेन म्हणजे पाण्यावर चालणारी गाडी नव्हे. प्रवाशांना थेट बंदरात, जहाजाजवळ नेऊन सोडणारी गाडी. येणाऱ्या जहाजाला उशीर झाला, तर ती बंदरात थांबायची.

माझी एक पद्धत आहे. विषयाशी ज्याचा काही संबंध नाही, अशा माणसाला स्क्रिप्ट आधी वाचून दाखवायची. माझ्या हक्काच्या श्रोत्या म्हणजे कौसल्याकाकू. त्या अर्जुनी मोरगावकडच्या तलावांतली मासोळी घेऊन इतर बायांसोबत सकाळच्या पॅसेंजरने सौंदडला उतरायच्या आणि सडक अर्जुनीच्या बाजारात विकायच्या. स्टेशनवरून बाजाराला जाणारी मिनीबस मात्र पॅसेंजरचा हॉर्न ऐकला की, कोणी उतरायच्या आधीच सुटायची. दुसरी येईपर्यंत काकू टोपलं घेऊन चहाच्या टपरीवर बसायच्या. मासोळी मऊ पडायची, बाजारात गिऱ्हाईक निघून जायचं. तेवढ्या वेळात मी त्यांना इंग्लंड वाचून दाखवायचो. माझं क्वालिटी चेकिंग त्या बसच्या कृपेने चालायचं.

बोट ट्रेन ऐकून काकूंनी विचारलं, "काऊन रे बाबू, त्या गाडीले थांब म्हणून सांगे कोण?"

स्क्रिप्टमध्ये उत्तर होतं. इंग्रजांची शिस्त आणि सौजन्य.

"इतले भले होते तं आपल्या लोकाइनं त्याइले हाकललं कायले?"

मी कंपनीने पाठवलेली संशोधनाची पानं पुन्हा काढली. खुलासा तिथेच होता. बऱ्याच ठिकाणी जहाजं रेल्वे कंपनीच्याच मालकीची होती, कुठे कुठे तर बंदरही. गाडीतला प्रवासी तिचा आणि जहाजातलाही तिचाच. त्याला मागे ठेवलं तर तोटा कंपनीचाच. मी तसं लिहून पाठवलं.

प्रोड्यूसर मॅडमचा फोन आला. "अरे, यात रोमान्स कुठे आहे? लोकांना धूर, शिट्टी, छोटी छोटी स्टेशनं हवीत."

त्यातली कित्येक छोटी स्टेशनं पुढे तोट्याच्या नावाखाली बंद केली, तेही लिहू का, असं मी विचारलं. त्या 'बघू' म्हणाल्या. आमच्या धंद्यात 'बघू' म्हणजे नाही.

माहितीपटात नाही तर निदान सौंदडला तरी हे कामी यावं, म्हणून चिडून मी काकूंना घेऊन मिनीबसच्या मालकाकडे गेलो. दिलीपभाऊ गोंदियाचे. मी सार्वजनिक वाहतूक हा जनतेचा हक्क कसा आहे, इथून सुरुवात केली. ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिले.

"भाऊ, रेल्वे मेरी थोडी है," ते शेवटी म्हणाले. "मी इथं थांबलो तं हायवेची सवारी दुसरा उचलते."

मग मी हक्क बाजूला ठेवला आणि इंग्लंड सांगितलं. तिथेही कोणी पुण्य म्हणून थांबत नव्हतं. उतरणाऱ्या बाया तुमच्याच सवाऱ्या आहेत, त्यांना तुम्ही रोज दुसऱ्याच्या हवाली करता.

काकूंनी पुढचं बोलणं आपल्या हातात घेतलं. "गाडी लेट असन तं मी गाडीतूनच तुले फोन करीन. थांबशीन तं आमी साऱ्या बाया तुयाच बसमंधी. नाही थांबशीन तं मिळून ऑटो लावतो."

"तो पहले बोलना था ना, काकी."

आता बस थांबते. काकूंची मासोळी ताजी असतानाच बाजारात पोहोचते. टपरीवर मला श्रोता उरला नाही. माहितीपटही आला. त्यात इंग्रज शिस्त आणि सौजन्यापोटीच थांबतात. माझं नाव काढा, असं मी कळवलं. कंपनीने ते तत्परतेने काढलं, पुढच्या कामांतूनही.

इतिहासातून मी एवढंच शिकलो, की सौजन्याची वाट पाहणाऱ्याची बस चुकते. तेव्हा उद्या तुम्ही गाडीतून उतरायच्या आत तुमची बस सुटली, तर हळहळत बसू नका. सोबत उतरलेल्यांना गोळा करा, बसमालकाचं नाहीतर डेपोचं दार गाठा आणि थांबायला सांगा. फक्त एकटे जाऊ नका.