उतारावर लावलेली जीप

माझ्या थोरल्या दिरांइतका डोकं फिरवणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच तर तो त्यांच्याच जीपखाली आडवा पडून त्यांना पाना देत असेल. अंबडच्या कारखान्यात उभा जन्म लेथवर काढलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर ना देवधर्म केला, ना विश्रांती घेतली. लग्नाच्या वर्षी घेतलेली डिझेल जीप तेवढी जिवंत ठेवली. जो भाग बाजारात मिळत नाही तो ते घडवतात, आणि जो घडवता येत नाही तो माझ्या घरातून नेतात. एकदा पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन मी गच्चीवर गेले, तर दोरी गायब. ती अॅक्सिलरेटरला बांधून भाऊजी निफाडला पोचले होते. फोनवर म्हणाले, "दोरी फार चांगली आहे गं सुनीता. कुठून आणलीस?"

पण खरा छळ उताराचा. जीपला स्टार्टर आहे, पण "त्याचं वय झालंय, त्याला कशाला त्रास?" म्हणून ते गाडी फक्त उतारावर लावतात आणि निघताना घरंगळत सुरू करतात. नातेवाईकही त्यांनी उतार बघूनच निवडलेत. सख्ख्या बहिणीचं घर सपाटीवर, म्हणून भाऊबीजेला ती बिचारी ताट घेऊन रस्त्यावर येते आणि चालू गाडीच्या खिडकीतून ओवाळते. सटाण्याला लग्नाला गेलो तेव्हा मांडवाभोवती उतार नव्हता. परतताना पैठणी खोचून मी जीप ढकलत होते. एका आजोबांनी विचारलं, "गाडी तुमनी शे का, ताई?" म्हटलं, "माझी असती तर भंगारात असती!"

आमची गल्ली मात्र छान उताराची. जाऊबाई गेल्यापासून भाऊजी दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. आठवड्यातलं तेवढंच जेवण माणसांत. एरवी गॅससमोर उभ्याने काहीतरी. पण हे कबूल कोण करणार? "उतार चांगला आहे तुमच्याकडे," एवढंच म्हणायचे.

यंदा गल्लीचं काँक्रीट झालं, सगळं सपाट. त्या रविवारी भाऊजी आले नाहीत. पुढच्याही नाही. मी फोन केला.

"भाऊजी, भरलं वांगं केलंय."

"लावू कुठे गाडी?"

"रिक्षाने या."

"रिक्षाने यायला मी पाहुणा आहे का?"

मी फोन आपटला. म्हणजे इतकी वर्षं मी रस्त्याला जेवू घालत होते! दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला, फाटकाच्या आत माझी मोगऱ्याची ओळ उपटायला लावली आणि तिथे सिमेंटचा उतार बांधून घेतला. मोगऱ्याचा राग अजून गेलेला नाही.

भाऊजी आले. जीप मागे घेत चढवली. माझ्याकडे नाही, उताराकडे पाहिलं. "थोडा कमी पडतोय," म्हणाले, आणि वांगं दोनदा मागून घेतलं.

कमी पडतोच. इंजिन धरत नाही. म्हणून दर रविवारी जेवणं झाली की मी पदर खोचून मागून रेटा देते, तोंडाने शिव्या चालूच. गाडी धूर सोडते, खोकते, धरते. खिडकीतून एक हात वर होतो. कोपऱ्यावर आवाज विरेपर्यंत मी फाटकात उभी राहते. एखाद्या दिवशी त्यांनी स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, तर मला मुळीच आवडणार नाही.