तांब्याचं वैर आणि आमचा गोतावळा

सर्दी-खोकला झालेल्या माणसाकडे किस्से नसतात. ज्याच्या रोगाचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही, त्याच्याकडे मात्र ते नारळ घेऊन चालत घरी येतात, चहा पितात आणि सल्ला देऊन जातात. माझ्याकडे असे इतके साठले आहेत की आठवले तरी कानशिलं तापतात.

आधी रोग सांगतो, म्हणजे राग समजेल. आपल्या सगळ्यांच्या अन्नात थोडं तांबं असतं. तुमचं लिव्हर ते बाहेर टाकतं, माझं टाकत नाही. ते लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत चढतं. दोंडाईच्याच्या शाळेत फळ्यावर लिहिताना माझा हात थरथरायला लागला, पाठोपाठ कावीळ झाली, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून निदान केलं. औषध म्हणजे पेनिसिलामाइनची कॅप्सूल. उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे तासभर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. जोडीला बी-सिक्सची गोळी आणि जस्ताची पावडर. हे सगळं हयातभर. बंद केलं की संपलात.

निघताना डॉक्टर म्हणाले, "हा रोग भावंडांतही असतो. बाहेरून धडधाकट दिसली तरी तपासा."

मला एकच बहीण, विमल. शिंदखेड्याकडे एका खेड्यात दिलेली. खालचे किस्से ऐकताना तिला विसरू नका, कारण मी विसरू शकत नव्हतो.

*

लिव्हर म्हटलं की आपल्याकडे दारू. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण रजेवरून परतलो तर हेडमास्तर मस्टर दाखवायच्या निमित्ताने इतके जवळ आले की त्यांच्या मिशीचे केस मोजता आले असते. वास घेत होते!

त्यांचं एक वेळ सोडा. आमच्या गल्लीत आबा नावाचे एक गृहस्थ, रोज संध्याकाळी भिंतीच्या आधाराने घरी येणारे. ते मुद्दाम भेटायला आले, शेजारी बसले, माझा थरथरता हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मास्तर, कव्हय सोडी?"

मी घेतच नव्हतो तर कधी सोडणार, हे सांगून सांगून माझा घसा बसला. आबा उठताना म्हणाले, मीही घरी हेच सांगतो.

*

आमच्या शाळेतले सायन्सचे सर म्हणजे बी.एस्सी., बी.एड. रोग नीट समजेल असा स्टाफरूममध्ये हा एकच माणूस, म्हणून मी त्यांना मन लावून सगळं सांगितलं. तांबं वर्ज्य, जस्त औषध. त्यांनी डोळे मिटून विचार केला.

"म्हणजे पितळ अर्धं चालेल."

या माणसाच्या हाताखालून दरवर्षी पोरं दहावी होतात.

*

जळगावच्या मावशीकडे भरिताचं जेवण होतं. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यांत तांबं जास्त, म्हणून मला बंद. खानदेशात राहून शेंगदाणा सोडायचा म्हणजे नदीकाठी राहून पाणी सोडण्यासारखंच. तरी आठवडाभर आधी निरोप दिला होता. मावशीने माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भरीत केलं, सगळ्यांना दाखवलं, भाच्यासाठी किती करते याचं कौतुक करून घेतलं. पहिला घास तोंडात घेतला आणि मी थांबलो.

"मावशी, दाणे आहेत यात."

"दाणे कुठले? कूट आहे फक्त."

*

पण खरा संताप आणला तो औषध देणाऱ्यांनी. शिरपूरकडचे एक वैद्य लिव्हरवर रामबाण म्हणून प्रसिद्ध. माझ्या सासऱ्यांनी माझ्यासाठी त्यांच्याकडून पुड्या आणल्या. काय आहे म्हणून विचारलं, तर अभिमानाने म्हणाले, ताम्रभस्म. मी हात जोडले. मग ज्योतिषी झाला, त्याने रवी कमजोर म्हणून तांब्याची अंगठी काढली. हात थरथरतो म्हणून मेव्हण्याने तांब्याचं कडं आणलं. अशक्तपणा घालवायला केमिस्टने एक टॉनिक दिलं, आणि बायकोने बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर त्यातही कॉपर!

वर अधिकमास आला. आमच्याकडे त्या महिन्यात जावयाला अनारसे देतात, ते तांब्याच्या ताटात. सासूबाईंनी माझ्यासाठी नेहमीपेक्षा मोठं ताट घेतलं होतं. का, तर जावई आजारी आहेत.

जगात एवढे धातू आहेत. एकानेही मला चुकून लोखंड दिलं नाही.

*

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. विमलचं नेता आलं नाही.

तिचे सासरे नाना म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पहाटे उठून तांब्याच्या घागरीतलं पाणी प्यायचं आणि घरातल्या सगळ्यांना प्यायला लावायचं, हा त्यांचा नेम. मी रिपोर्ट घेऊन गेलो, समजावलं, शेवटी विनवण्या केल्या. नानांनी कागद हातात घेतला नाही.

"धडधाकट सूनले दवाखाना कसाले?" ते म्हणाले. "तुमना रोग तुमना घर ठेवा."

विमल दारामागे उभी होती. अक्का, म्हणजे तिची सासू, चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. मी दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो, आणि त्या वेळी ओट्यावरून ओरडलो की माझ्या बहिणीला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही. सगळ्या गावाने ऐकलं. उपयोग शून्य. परतीच्या एस.टी.त मी रागाने रडलो.

*

पुढच्याच महिन्यात अक्का विमलला घेऊन धुळ्याच्या स्टँडवर उतरली. निरोप आला म्हणून मी धावत गेलो. घरी सांगून आली होती की देवीला जातेय. डोळ्यांच्या डॉक्टरांना विमलच्या बुबुळाभोवती तेच तपकिरी कडं दिसलं, जे माझ्या डोळ्यांत होतं. रक्त-लघवी मुंबईला गेली. रोग होताच.

अक्काने फक्त एक गोष्ट विचारली, गोळी उपाशीपोटी घ्यायची ना? मी हो म्हटलं. मग ती खरंच देवीला जाऊन आली.

घरी गेल्यावर तिने नानांना सांगितलं, "देवी मन्हा सपनमा उनी." देवीने सुनेला नेम घातला होता. उठल्यावर उपाशीपोटी अंगारा घ्यायचा, मग तासभर तोंडात काही घालायचं नाही. तांब्यातलं पाणी प्यायचं नाही, तीळ-शेंगदाण्याला शिवायचं नाही. किती दिवस? हयातभर.

कॅप्सूल अंगाऱ्याच्या डब्यात गेल्या. आणि मला, डॉक्टरांना, रिपोर्टांना ज्यांनी उभं केलं नाही, त्या नानांनी त्याच दिवशी तांब्याच्या घागरी स्वतःच्या हाताने माळ्यावर चढवल्या.

खरं सांगतो, मला आनंद नंतर झाला. आधी रागच आला. आम्हा सगळ्यांचं वजन एका स्वप्नाएवढंही नाही!

*

आता शेवटचा. दोन-तीन वर्षांनी नाना, अक्का आणि विमल पहाटेच्या गाडीने आमच्याकडे आले. विमल ठणठणीत. माझी मात्र पंचाईत झालेली. मुंबईचं पार्सल अडकलं होतं, माझ्या कॅप्सूल संपल्या होत्या आणि हात पुन्हा थरथरायला लागला होता.

अक्काने डबा उघडला, विमलने पाठ फिरवून अंगारा घेतला. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. तिने विमलपुढे कप धरला, तर नाना गरजले, "थांबा! तास व्हवा द्या. देवीना नेम शे." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून पहारा देत बसले.

मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. कपबशी वाजत होती. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. गोळ्या संपल्या, मी म्हटलं.

नानांना माझी खरंच दया आली असावी.

"मास्तर, आमनी सूनले देखा. एक गोयी नही, एक इंजेक्शन नही. तुमन्या गोया सरी जातस. देवी सरी जास का?"

एरवी मी त्या कपबशीसकट उठलो असतो. पण अक्का माझ्याकडे बघत होती. तिने पदर सावरला, पिशवीतून अंगाऱ्याचा डबा पुन्हा काढला आणि झाकण माझ्या बाजूला उघडून पुढे धरला.

"ल्या मास्तर," ती म्हणाली, "परसाद."