ढवळू नकोस, बघ

चहात दूध ओतल्यावर कुणी चमचा घातला की सलमा मॅडम चिडायच्या. "अगं, ढवळलंस कशाला? आता कसं कळणार, आपणहून किती मिसळलं असतं?" चहा गार झाला तरी चालेल, पण कपात पसरणारा तो पांढरा ढग त्यांना शेवटपर्यंत बघायचा असायचा. कॉलेजात त्या आम्हाला केमिस्ट्री शिकवत. मी पत्रकं काढणारी. मला बघत बसायला वेळ नव्हता.

तेव्हा माझ्या पत्रकांचा विषय होता खाडी. पावणे गावातल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्याचं पिवळं पाणी नाल्यातून खाडीत उतरायचं आणि मासळी मरायची. खाडीकाठच्या गावातली हिरामावशी आणि तिथल्या बाया ते पाणी बाटलीत भरून बेलापूरच्या प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात न्यायच्या. साहेब बाटली उजेडात धरून विचारायचे, "यात तुम्हीच काही टाकलं नसेल कशावरून?" म्हणजे मासळी विकून पोट भरणाऱ्या बायांनीच पाण्यात विष कालवलं म्हणे!

मॅडमचं म्हणणं, तपासणी साहेबांच्या डोळ्यांसमोर, खाडीवरच व्हायला हवी. पाण्यात मुलाम्यातलं विषारी क्रोमियम असेल तर जांभळं होणारं औषध त्यांना माहीत होतं, पण त्यात ॲसिड. उघडी बाटली बायांच्या हातात द्यायची नाही. म्हणून भावाच्या नेमप्लेटच्या वर्कशॉपात त्यांनी ॲक्रिलिकच्या पट्टीवर अगदी बारीक नळ्या कोरून घेतल्या आणि वरून दुसरी पट्टी चिकटवली. एका तोंडातून खाडीचं पाणी, दुसऱ्यातून औषध, पुढे दोन्हींची एकच नळी.

तिथेच गाडी अडली. पाणी आणि औषध आत शिरलं, शेजारी शेजारी सरकलं आणि तसंच बाहेर पडलं. मधोमध फक्त एक जांभळी रेघ. "इतक्या बारीक वाटेत पाण्याला भोवराच पडत नाही गं," मॅडम भिंगातून बघत म्हणाल्या. काय खूश होत्या! मी दात-ओठ खात उभी. त्यांनी नळी नागमोडी केली. रेघही नागमोडी झाली, रुंद काही होईना. हिरामावशीनं डोकावून पाहिलं. "मॅडम, या दोगी जावा हायेत. येका घरान रातात, पन बोलत नाय." मॅडम इतक्या हसल्या की हातातलं भिंग पडलं.

"मी छापते," मी म्हटलं. "रेघ दिसली ना? झाला पुरावा."

"रेघ तुला दिसते, कारण तुला दिसायला हवीय. साहेबांना रंग लागेल."

मग एकदा आम्ही एपीएमसीच्या धान्य बाजारात तांदूळ घ्यायला गेलो. एका गाळ्यात जुना आणि नवा तांदूळ एकत्र करणं चाललं होतं. ढीग मधोमध कापायचा, अर्धा उचलून उरलेल्या अर्ध्यावर पसरायचा, पुन्हा कापायचा. माझं डोकंच फिरलं. "ही उघड भेसळ आहे! नाव काय तुमचं?"

"ओ ताई, टेन्शन नका घेऊ, खिचडीचाच माल आहे," शेठ म्हणाला.

मॅडमनी माझा दंड धरला. "भांडण नंतर. आधी बघू दे. शेठ, परत एकदा करा ना."

पुढच्या पट्टीत नळीला फाटे फुटले. तांदळाच्या ढिगासारखं पाणी दोन वाटांत कापलं जायचं, वाटा एकावर एक येऊन जुळायच्या, पुन्हा फुटायच्या. दर फाट्याला थर वाढत गेले आणि पातळ होत गेले. इतके पातळ, की मिसळायला अंतरच उरलं नाही.

शेवटी आमच्या तगाद्याला कंटाळून साहेब खाडीवर आले. मॅडमनी खाडीच्या पाण्याचा थेंब त्यांनाच सोडायला लावला. शेवटच्या फाट्यापुढची सगळी नळी जांभळी झाली.

"हे काही सरकारी यंत्र नाही," साहेब पुटपुटले.

"मंग तुमची बाटली भरा," हिरामावशी म्हणाली. "आमी हात बी लावत नाय."

साहेबांनी पॅन्ट दुमडली, चिखलात उतरले, स्वतः बाटली भरली, स्वतः सील केली.

त्याच महिन्यात मॅडम हैदराबादच्या नोकरीवर गेल्या. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी ओरडलेच, "मॅडम, कारखान्याचं पाणी खाडीत यायचं बंद झालं! मावशीनं पेढे वाटले!"

"वा! फार बरं झालं." मग म्हणाल्या, "पण साहेबांच्या बाटलीत क्रोमियम निघालं किती?"

मला ठाऊक नव्हतं. जिंकल्यावर हे विचारायचं असतं, हेच मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बेलापूरला गेले. साहेबांनी मला बघून सवयीनं हात जोडले. मी म्हटलं, "आज भांडायला नाही आले. काहीतरी विचारायचंय."